पंधरा दिवसांचे सेवाव्रती

टांझानियातील एका अनाथाश्रमासाठी ग्रंथालय बांधावयास अमेरिकेतील एका शाळेच्या मुली गेल्या होत्या. सुखवस्तू घरांतल्या, मनाने निर्मळ आणि कष्टाला न भिणाऱ्या. दिवसभर त्या सिमेंट कालवत, विटा रचत, घामाघूम होत. रात्री त्या झोपी गेल्या की गावातील माणसे येत, मुलींनी रचलेल्या वाकड्यातिकड्या विटा उपसून काढीत आणि तेवढी भिंत पुन्हा ओळंब्यात उभी करीत. सकाळी मुलींनी पाहावे तो भिंत सरळ! आपल्याच हातची, असे समजून त्या पुढच्या थराला लागत. आठवडाभर सेवा, त्यानंतर आठवडाभर वन्य प्राण्यांचे दर्शन आणि या सर्वांचे मूल्य माणशी सुमारे तीन हजार डॉलर. त्या मुलींपैकीच एकीने २०१४ साली ही हकिगत स्वतः लिहून जगजाहीर केली, म्हणून ती बाहेर तरी आली. न लिहिलेल्या अशा किती भिंती आफ्रिकेच्या खेड्यांत उभ्या असतील, कोणास ठाऊक!

या हकिगतीत मुलींना बोल लावण्यात अर्थ नाही. शाळकरी मुलीला गवंडीकाम येत नाही, हा काही गुन्हा नव्हे. प्रश्न त्या रात्रपाळीच्या माणसांचा आहे. ज्याला भिंत बांधता येते तो गावात हजर आहे आणि त्याला काम हवे आहे. तीन हजार डॉलरांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी असे किती काम उभे केले असते, याचा हिशेब कोणत्याही मुकादमाला तोंडपाठ सांगता येईल. तरीही दिवसाचे काम त्याला मिळत नाही. मिळते ते रात्रीचे, पाहुण्यांची चूक झाकण्याचे. कारण उघड आहे. विकली जाणारी वस्तू भिंत नव्हतीच. विकला जात होता तो भिंत बांधल्याचा अनुभव, आणि त्याचे गिऱ्हाईक गावात नव्हे, अमेरिकेत होते.

सेवा आणि सहल यांची सरमिसळ करून उभा राहिलेला हा धंदा गेल्या काही दशकांत चांगलाच फोफावला आहे. केनिया, घाना, टांझानिया, युगांडा, मालावी, झांबिया या देशांची नावे त्याच्या माहितीपत्रकांत ठळकपणे झळकतात. दोन आठवडे, चार आठवडे, सहा आठवडे अशा मुदती. राहण्याजेवणाची हमी, विमानतळावरून नेण्याआणण्याची सोय आणि शेवटी प्रमाणपत्र. ‘मुलांवर प्रेम करण्याची तयारी’ एवढीच पात्रता पुष्कळदा मागितली जाते. हे लोण आता केवळ पाश्चात्त्य देशांपुरते उरलेले नाही. परदेशी विद्यापीठाच्या प्रवेशअर्जात ‘समाजसेवा’ या रकान्यात काहीतरी भरदार लिहावे लागते, हे आपल्या महानगरांतील जाणत्या पालकांनाही कळून चुकले आहे. ज्या घरातील मुलाने आपल्या गावच्या शाळेत कधी पाऊल ठेवलेले नाही, त्याच घरात आफ्रिकेच्या खेड्यात महिनाभर इंग्रजी शिकवायला जाण्याचा बेत कौतुकाने चर्चिला जावा, यातील विसंगती कोणाच्या ध्यानात येत नसेल असे नाही. पण रकान्याची निकड मोठी असते.

मुळात ही कल्पना अशी नव्हती. तरुणांनी परक्या देशातील खेड्यात जाऊन राहावे, तेथील अन्न खावे, तेथील भाषा बोलावी आणि आपले शिक्षण त्यांच्या कामी लावावे, हा विचार दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पिढीने गांभीर्याने मांडला. ब्रिटनमध्ये १९५८ साली ॲलेक डिक्सन यांनी परदेशी स्वयंसेवेचा उपक्रम सुरू केला. अमेरिकेत अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी आदेश काढून ‘पीस कोअर’ची स्थापना केली. जपानने १९६५ साली आपले तरुण पाठवण्यास प्रारंभ केला. ३० ऑगस्ट १९६१ रोजी पीस कोअरची पहिली तुकडी घानाची राजधानी अक्रा येथे उतरली. पन्नासेक तरुण शिक्षक होते ते. विमानतळावरच त्यांनी घानावासीयांच्या त्वी भाषेत गीत गायिले. ज्या देशाने जेमतेम चार वर्षांपूर्वी ब्रिटिशांचे जोखड झुगारले होते, त्या देशाच्या धुरीणांना गोऱ्या माणसाच्या तोंडून आपली भाषा ऐकताना काय वाटले असेल, ते परक्या सत्तेचा अनुभव घेतलेल्या भारतीयाला समजावून सांगावे लागणार नाही.

यात शीतयुद्धाची गणिते नव्हती, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांत सोव्हिएत शिक्षक, डॉक्टर आणि अभियंते पोहोचत होते. अमेरिकेला मागे राहायचे नव्हते. केनेडींनी आपल्या प्रचारसभांतून हे स्पष्टच बोलून दाखवले होते. परंतु योजनेचे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर यांनी तिला जी घडण दिली, ती आजच्या सेवासहलींच्या व्यापाऱ्यांनी मुळातून अभ्यासावी अशी आहे. यजमान देशाने बोलावल्याशिवाय जायचे नाही. आधी सुमारे तीन महिने प्रशिक्षण, त्यात भाषा. मग पूर्ण दोन वर्षे नेमल्या ठिकाणी. वेतन नाही, आजूबाजूचे लोक राहतात तसे राहता यावे एवढाच निर्वाहभत्ता. हेरखात्याशी पूर्वी संबंध आलेल्या माणसाला प्रवेश नाही. पुढे तर मोटारसायकल चालवण्यासही बंदी झाली, तेव्हा कितीएक गावांत ‘सायकलवरचा गोरा मास्तर’ हीच त्या योजनेची ओळख ठरली. आजवर २ लाख ४० हजारांहून अधिक अमेरिकन या मार्गाने जगभर जाऊन आले आहेत आणि त्यांतील फार मोठा वाटा आफ्रिकेचा आहे.

एवढी शिस्त असूनही पहिल्याच वर्षी ठेच लागली. ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियातील इबादान येथील विद्यापीठात प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने घरी धाडण्यासाठी पोस्टकार्ड लिहिले. शहरातील अस्वच्छता, रस्त्यावरच चाललेले संसार, मागासलेले जीवन असे काहीबाही त्यात होते. ते कार्ड पेटीत पडण्याऐवजी वाटेत गळाले आणि नायजेरियन विद्यार्थ्यांच्या हाती लागले. विद्यापीठात संतापाचा आगडोंब उसळला. निषेध सभा झाल्या, ‘हेर परत जा’ अशा आशयाची मागणी झाली. त्या तरुणीने क्षमा मागितली आणि ती मायदेशी परतली. उघड्या कार्डावरच्या चार ओळींनी एका महासत्तेची योजना डळमळली, याचे अनेकांना हसू आले असेल. पण त्या विद्यार्थ्यांचा क्षोभ अगदी योग्य होता. ते विचारीत होते, की आमच्याकडे पाहुणे म्हणून राहता, आमचे अन्न खाता, मग घरच्यांना आमच्याविषयी सांगता ते आमच्यासमोर का सांगत नाही?

आज ती पोस्टकार्डे दर क्षणाला हजारोंनी सुटत आहेत. फरक इतकाच, की आता त्यांवर गरिबीचे वर्णन नसते, गरिबीचे छायाचित्र असते. फाटक्या सदऱ्यातील चार-पाच काळी मुले, मधोमध हसरा पाहुणा. त्या मुलांची नावे काय, त्यांच्या आईवडिलांची संमती घेतली होती काय, हे विचारण्याची पद्धत नाही. आपल्या पोराचे असे चित्र एखाद्या परक्याने शाळेच्या फाटकाशी उभे राहून टिपले असते, तर दादर-डेक्कनच्या पालकांनी पोलीस चौकी गाठली असती. आफ्रिकेतील आईला मात्र तक्रारीचा अधिकार नसतो, असे गृहीत धरलेले असते. नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या एका मदतसंस्थेने २०१२ साली यावर झकास उतारा काढला. एक ध्वनिचित्रफीत तयार करून त्यांनी आफ्रिकी तरुणांना गाताना दाखवले. काय तर म्हणे, नॉर्वेची मुले थंडीने गारठत आहेत, चला, त्यांच्यासाठी खोल्या तापवणारी यंत्रे गोळा करू या! एका देशाकडे केवळ त्याच्या दैन्याच्या खिडकीतून पाहिले म्हणजे काय होते, हे नॉर्वेकरांना त्या तीन-चार मिनिटांत उमगले असावे.

हसण्यावारी नेता येणार नाही असा भाग अनाथाश्रमांचा आहे. ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगभरातील बालगृहांत राहणाऱ्या मुलांपैकी दर पाचांमागे किमान चौघांचे आई किंवा वडील, अथवा दोघेही, हयात असतात. मग ती मुले तेथे का? गरिबीमुळे, शाळेच्या आशेने, आणि पुष्कळदा एवढ्याचसाठी की अनाथांना भेटू इच्छिणाऱ्या पाहुण्यांना दाखवण्यासाठी अनाथ लागतात. पाहुणा पैसे देतो. पैशासाठी आश्रम उघडतो. आश्रमासाठी मुले गोळा केली जातात. आजी, काका, मावशी यांच्या मोठ्या गोतावळ्यात पोरके मूल सहज सामावून घेणारी आफ्रिकेतील कुटुंबव्यवस्था या मागणीपुढे उसवत जाते. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा गळ्यात पडतो, खेळवतो, रडवेला होऊन निघून जातो. मूल प्रत्येक वेळी नव्याने जीव लावते. त्याच्या मनात काय साचत असेल, याचा रकाना कोणत्याही प्रमाणपत्रावर नसतो. ऑस्ट्रेलियात या प्रश्नाची दखल आधुनिक गुलामगिरीविषयीच्या संसदीय चौकशीत घेतली गेली, यावरून त्याचे गांभीर्य कळावे.

केवळ मुदत लांब असली म्हणजे सारे ठीक, असेही नव्हे. युगांडातील जिंजा परिसरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने कुपोषित बालकांसाठी केंद्र काढले. ती पंधरा दिवसांसाठी आलेली नव्हती. वर्षानुवर्षे राहिली, धर्मश्रद्धेने आली होती, स्थानिक भाषा शिकली होती. २०१० ते २०१५ या काळात त्या केंद्रात शंभराहून अधिक मुले दगावली. २०१९ साली दोन मातांनी न्यायालयाची पायरी चढली. तरुणीने आरोप नाकारले. २०२० मध्ये दायित्व मान्य न करता तडजोडीची रक्कम देऊन खटला मिटला. ती मुले अन्यत्र वाचली असती की नाही, हा वाद तज्ज्ञांचा. परंतु तिच्या स्वतःच्या देशात, तिच्याच गावात, वैद्यकीय पदवीवाचून तिला एका तरी आजारी अर्भकासाठी असे केंद्र चालवू दिले असते काय? नसते. जे आपल्या घरी चालत नाही ते दुसऱ्याच्या घरी चालवून घेण्याची मुभा म्हणजे सेवा, ही समजूत कोठून आली? वसाहतवादाचे निशाण उतरले तरी त्याची सवय उतरायला वेळ लागतो.

येथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही समाचार घेणे भाग आहे. शहरी विचारवंतांत आजकाल असे बोलण्याची टूम आहे, की परक्या खेड्यात सेवेला जाणे हाच मुळी अहंकार. जो जातो तो एक तर भोळा, नाही तर साम्राज्यवादी. इव्हान इलिच यांनी १९६८ साली अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या परिषदेतच त्यांना ऐकवले होते, की मेक्सिकोत या, डोंगर चढा, फुले पाहा, शिका. पण मदत करायला येऊ नका. इलिच यांना तो अधिकार होता. ते धर्मगुरू म्हणून त्याच भूभागात राहून काम करीत होते आणि समोर बसलेल्यांना तोंडावर बोलत होते. त्यांचा दाखला देणारे बहुतेक जण मात्र ना मेक्सिकोत जातात ना मोखाड्यात. सेवकाच्या चुका मोजण्यासाठी खुर्ची पुरते. सेवा करण्यासाठी उठावे लागते.

आणि उठलेल्यांपैकी काहींनी फार मोठे मोल दिले आहे. बेनिनमधील एका खेड्यात शिकवणाऱ्या पीस कोअरच्या तरुणीला आपल्या विद्यार्थिनींचा लैंगिक छळ होत असल्याचे कळले, संशयित आपल्याच संघटनेसाठी काम करणारा आहे हेही कळले. तिने वरिष्ठांना गोपनीय पत्र लिहिले. ती गोपनीयता पाळली गेली नाही, अशी तिच्या कुटुंबाची तक्रार होती. मार्च २००९ मध्ये तिची हत्या झाली. पुढे २०११ साली अमेरिकेच्या संसदेने स्वयंसेवकांच्या संरक्षणासाठी तिच्या नावाने कायदा केला. या मुलीला ‘गोऱ्या उद्धारकांची प्रतिनिधी’ म्हणून निकालात काढणाऱ्याने आधी आपली लेखणी तपासावी.

तेव्हा प्रश्न जावे की न जावे, हा नाहीच. जाणारा कोणाला उत्तर देण्यास बांधलेला आहे, हा प्रश्न आहे. गावाला की आपल्या छायाचित्रांच्या प्रेक्षकांना?

उत्तर पाहायचे तर नारूचा इतिहास पाहावा. नारू म्हटले की आपल्याकडील जुन्या पिढीच्या अंगावर आजही काटा येतो. बारवेचे, तळ्याचे पाणी प्यावे, त्यातून अदृश्य जंतू पोटात जावा आणि वर्षभराने पायाला फोड येऊन हातभर लांबीचा दोरा बाहेर पडू लागावा. काडीला गुंडाळत दररोज थोडाथोडा ओढायचा, तुटला तर पाय सडायचा. १९८६ च्या सुमारास आफ्रिका व आशियातील सुमारे वीस देशांत मिळून वर्षाला अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. या रोगावर लस नाही, औषध नाही. उपाय एकच: पाणी फडक्याने गाळून पिणे आणि नारू झालेल्याने पाण्यात न उतरणे. ऐकायला पोरखेळ वाटावा. पण प्रत्येक घराने, प्रत्येक दिवशी, वर्षानुवर्षे हे पाळले तरच तो चालतो. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. नायजेरियात एकेकाळी वर्षाला सहा लाखांहून अधिक रुग्ण होते. तेथे शेवटचा रुग्ण २००८ साली नोंदला गेला. घानातही २०१० नंतर तो उरला नाही. २०२४ साली अवघ्या जगात नारूचे रुग्ण होते १५.

हे कोणी केले? कार्टर सेंटरने योजना आखली, निधी उभा केला. पीस कोअरचे तरुण पश्चिम आफ्रिकेतील गावोगाव सायकली हाकत फडकी वाटत, तळ्यांच्या नोंदी ठेवत फिरले. त्यांचे श्रेय त्यांना आहेच. पण तळ्याच्या काठावर रोज कोण बसले? त्याच गावातील बायाबापड्या आणि तरुण. ज्यांना आपण ‘सेवा घेणारे’ समजतो, तेच या मोहिमेचे हजारो स्वयंसेवक होते. घागर भरून निघालेल्या बाईला हटकून फडके बांधायला लावणे हे तिच्या शेजारणीलाच जमते. पाहुण्याला जमत नाही. घानात रेड क्रॉसच्या गावकरी महिलांनी हेच केले. दक्षिण सुदानमध्ये यादवी पेटलेली असतानाही गावचे कार्यकर्ते महिन्याच्या महिन्याला नोंदी पोहोचवत राहिले. यांतील एकाचेही छायाचित्र कोणाच्या प्रवेशअर्जाला जोडलेले नाही.

पाण्याचीच आणखी एक गोष्ट, आणि तिचा धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. खेड्यात हातपंप बसवणे हा दात्यांचा आवडता कार्यक्रम. फीत कापता येते, पाण्याची धार टिपता येते. २००९ च्या सुमाराच्या पाहणीनुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत दर तीन हातपंपांतील एक बंद होता. बसवणारे निघून गेले, चामडी वॉशर झिजले, सुटा भाग तालुक्यालाही मिळेना, पंप गंजला. २००६ साली तर पाश्चात्त्य दात्यांनी एक अजब पंप डोक्यावर घेतला होता. मुलांनी चक्रीवर खेळायचे आणि त्या फिरण्याने पाणी टाकीत चढायचे. कोट्यवधी डॉलर जमले. चारेक वर्षांत योजना गुंडाळावी लागली. सांगितले होते तेवढे पाणी मिळण्यासाठी मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल, असा हिशेब ब्रिटनमधील एका वृत्तपत्राने मांडला होता! मुले खेळून दमली की चक्री ओढत कोण? गावातल्या म्हाताऱ्या बायका.

याउलट आफ्रिकेच्या असंख्य खेड्यांत एक साधा, जाडजूड लोखंडी पंप आजही चालतो. त्याचे नाव ‘इंडिया मार्क २’. सत्तरच्या दशकात, दुष्काळात होरपळलेल्या महाराष्ट्रात कठीण पाषाणात बोअर घेतले गेले. पण त्यांवर बसवलेले नाजूक विदेशी धाटणीचे बिडाचे पंप भराभर मोडत. जालना आणि सोलापूर येथे विहिरींची कामे करणाऱ्या सेवाभावी संस्थांच्या कार्यशाळांनी खटपट करून टिकाऊ पंप घडवले. त्यांत परदेशी मिशनऱ्यांशी संबंधित मंडळी होती, हे नमूद करण्यात संकोच कशाला? ती येथे राहिली, येथील दगडाशी झुंजली, येथील कारागिरांबरोबर काम करून येथील गरजेला उतरेल असे यंत्र त्यांनी सिद्ध केले. सोलापूर पंपाच्या त्या पायावर युनिसेफच्या साहाय्याने ‘इंडिया मार्क २’ आकाराला आला आणि पुढे तो आफ्रिकाभर गेला.

आफ्रिकेला स्वतःचे सेवाव्रती तरुण नाहीत, हा समज तर निव्वळ अज्ञानाचा आहे. १९६७ ते १९७० या यादवी युद्धात नायजेरिया उभा चिरला गेला. युद्ध संपल्यावर १९७३ साली त्या देशाने राष्ट्रीय युवक सेवा दल स्थापन केले. पदवी घेतलेल्या तरुणाने वर्षभर स्वतःच्या नव्हे, तर दुसऱ्या राज्यात, पुष्कळदा दूरच्या खेड्यात, शिक्षक वा आरोग्यसेवक म्हणून काम करायचे. दक्षिणेचा उत्तरेत, उत्तरेचा दक्षिणेत. या योजनेतही ढिलाई आहे, वशिलेबाजी आहे, टीका आहे. परंतु २०११ च्या निवडणुकीनंतर उत्तर नायजेरियात हिंसाचार उसळला, तेव्हा मतदान केंद्रांवर काम करणारे या दलाचे अनेक तरुण-तरुणी मारले गेले. ते आपल्या गावी नव्हते. राष्ट्राने नेमलेल्या ठिकाणी होते. त्याच नायजेरियाने १९८७ पासून आपले डॉक्टर, शिक्षक, अभियंते दोन-दोन वर्षांसाठी इतर आफ्रिकी, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांत पाठवण्याची योजनाही चालवली आहे. तीही त्या त्या देशाने मागणी केल्यावरच. घानातही १९७३ पासून पदवीधरांसाठी राष्ट्रीय सेवा आहे. सेवासहलीच्या एकाही माहितीपत्रकात यांचा ओझरता उल्लेख आढळू नये, हा योगायोग नव्हे. यजमानाकडे स्वतःचे स्वयंसेवक आहेत असे एकदा कळले, की पाहुण्याच्या पंधरा दिवसांची किंमत उतरते.

आणि पाहुणा कितीही भला असला तरी त्याला परतीचे तिकीट असते. मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ पसरताच पीस कोअरने साठाहून अधिक देशांतील आपले सुमारे सात हजार स्वयंसेवक थोड्याच दिवसांत परत नेले. योजनेच्या इतिहासात असे सरसकट माघारी बोलावणे प्रथमच घडले. त्यांनी तसे करण्यात गैर काही नव्हते, आणि २०२२ मध्ये झांबियापासून ते पुन्हा येऊ लागले. मधल्या दोन वर्षांत गावची परिचारिका, गावचा मास्तर, तळ्याकाठचा राखणदार जेथल्या तेथे होते. कादंबरीकार पॉल थरू १९६३ साली पीस कोअरचे शिक्षक म्हणून मालावीत गेले होते. चाळीसेक वर्षांनी ते तेथे परत गेले तेव्हा आपली शाळा मोडकळीस आलेली आणि ग्रंथालयातील पुस्तके नाहीशी झालेली त्यांना दिसली. मधल्या काळात परदेशी शिक्षकांची रीघ थांबलेली नव्हती. मालावीचे शिक्षक कोठे गेले, हा त्यांचा सवाल होता.

तो सवाल राजस्थानातील तिलोनिया या गावाने फार वेगळ्या रीतीने हाताळला. बंकर रॉय यांनी १९७२ साली तेथे सुरू केलेल्या संस्थेत आफ्रिकेच्या खेड्यांतून निरक्षर किंवा जेमतेम शिकलेल्या बाया येत, बहुतेक आज्या. भारत सरकार प्रवासाचा व प्रशिक्षणाचा खर्च उचलू लागले. सहा महिने त्या राजस्थानी बायांकडून सौरदिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकत. भाषेचा पत्ता नाही. हाताच्या खुणा आणि तारांचे रंग हीच लिपी. आज्याच का? तरुणाला शिकवले की तो प्रमाणपत्र घेऊन शहराची वाट धरतो. आजी नातवंडांकडे परत जाते. गावानेच तिला निवडून पाठवायचे, गावानेच दिव्यामागे दरमहा ठरावीक रक्कम द्यायची आणि त्यातून तिचा मेहनताना निघायचा. सिएरा लिओन, मालावी, टांझानिया येथील कितीएक वस्त्यांवर या आज्यांनी उजेड नेला. येथे भारतातून कोणी उद्धारक गेला नाही. जी परतली तिला गाव ओळखत होते, आणि दिवा बंद पडला की कोणाच्या दारात उभे राहायचे हेही गावाला ठाऊक होते.

तरीही ज्या घरातील मुलाला वा मुलीला जायचेच आहे, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी संयोजकांना थोडे विचारावे. आमच्या पोराला कोणी बोलावले आहे, गावाने की तुमच्या कार्यालयाने? ते जे काम करणार, ते करणारा माणूस गावात आहे काय, आणि त्याची मजुरी बुडते काय? त्याला तेथील भाषा किती येते? आपल्या देशात जे करण्याचा त्याला अधिकार नाही, ते तेथे करू देणार आहात काय? तो परतल्यावर ते काम कोण पुढे नेणार, त्या माणसाचे नाव सांगा. आमच्या पैशातून गावात किती उतरतात आणि वाटेत किती जिरतात? दोन वर्षे राहण्याची तयारी असलेल्या मुलाला या प्रश्नांची भीती वाटणार नाही. संयोजकाची मात्र चुळबुळ सुरू झाली, तर समजावे की समोर आहे ती पर्यटन कंपनी. पर्यटनात वावगे काहीच नाही. किलिमांजारो देखणा आहे, सेरेंगेटीतील रानपशूंचे स्थलांतर डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. खुशाल तिकीट काढावे, पाहून यावे. फक्त परतताना सेवेचे प्रमाणपत्र मागू नये.